सरहद्दीला दोन बोटं

माझ्या थोरल्या बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. ती सात वर्षांची असताना दादानं हे नाव ठेवलं. आज ती बावन्न वर्षांची आहे, तरी ते सुटलेलं नाही. मी एकटीच तिला ताई म्हणते, आणि तेही मान म्हणून नाही. गिऱ्हाइकांसमोर भिंगरी म्हणणं बरं दिसत नाही, एवढंच कारण. ती मला बारके म्हणते. वजनात मी तिच्या दीडपट आहे.

ताईनं आयुष्यात काय काय अर्ध्यावर सोडलं ते सांगायला बसले तर दुकान बंद करावं लागेल. टायपिंगचा क्लास तिनं बोटं जरा चालायला लागल्यावर सोडला. नर्सिंगला गेली आणि चार महिन्यांत परत आली. कारण काय, तर तिथं सगळे झोपून असतात. गिटार घेतली, तिच्यावर एक गाणं बसवलं, तेही पहिल्या कडव्यापर्यंत. ठरलेलं लग्न मोडलं. माणूस चांगला होता, पण तो एकेक घास मोजून चावतो असं तिचं म्हणणं. पोहायला शिकली ती तलावाच्या मध्यापर्यंत, तिथून लोकांनी तिला काढलं.

तिला धरून ठेवलं ते फक्त कात्रीनं. मोठ्याचं लहान करणं, लहानाचं मोठं करणं, उसवणं, बेतणं असलं आमचं दोघींचं दुकान आहे आणि ते तीस वर्षं चाललंय ते तिच्या कापण्यावर. ती कापते, मी शिवते. तिनं खडूनं रेघ मारली की ती रेघ देवानंही पुसू नये अशी असते. मात्र कापताना ती कधी बसत नाही. रेघ मारायची, दारापर्यंत जायचं, गल्लीत डोकावायचं, परत यायचं आणि मग कात्री लावायची. हा तिचा शिरस्ताच आहे.

दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आहे. दोन मशिनी, एक लांब आरसा, इस्त्री आणि मधोमध कापायचं टेबल. हे टेबल म्हणजे खरं तर एका पाडलेल्या घराचं दार आहे. त्याची कडी खालून अजून लोंबते आणि माझ्या गुडघ्याला लागते. गिऱ्हाईक बहुतेक विद्यापीठातलंच. अशाच एका प्राध्यापकांनी आठ वर्षांपूर्वी कोपरं बदलायला कोट टाकला आणि खिशातलं पुस्तक काढायला ते विसरले. आधुनिक युरोपचा इतिहास, भाग पहिला. अकरा दिवस ते फिरकले नाहीत. तेवढ्या दिवसांत ताईनं ते पुस्तक उभ्याउभ्या वाचून काढलं. ते आले तेव्हा तिनं कोट दिला, पुस्तक दिलं आणि विचारलं, की अठराशे अठ्ठेचाळीस साली सगळीकडे उठाव झाले, राजे पळाले आणि इथं तुमचं पुस्तक संपतं, तर पुढं काय झालं?

प्राध्यापक जरा बावचळलेच. म्हणाले, इतकी वर्षं शिकवतोय, पण हे असं कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या वयाच्या लोकांसाठी विद्यापीठात पदवीचा वेगळा अभ्यासक्रम होता, सकाळचे वर्ग होते. पुढचं ऐकायचं तर तिथं या, असं म्हणून ते गेले आणि दुसऱ्या आठवड्यात ताईनं नाव घातलं. मी दादाला फोन करून म्हटलं, तीन महिने. दादा म्हणाला, दोन.

आम्ही दोघंही तोंडावर पडलो. सगळे पेपर सहा वर्षांत सुटले पाहिजेत असा नियम होता आणि ताईनं तीन वर्षांत एक सोडून बाकीचे सगळे काढले. अभ्यास ती चालता चालता करायची, आरशापासून दारापर्यंत आणि दारापासून आरशापर्यंत, मोठ्यानं बोलत. गिऱ्हाइकांची सुटका नसे. कुणी पँट आखूड करायला आला की त्याला जर्मनी एक कशी झाली ते ऐकावं लागे. एकोणचाळीस तुकडे होते हो, ती त्याला सांगायची, आणि प्रत्येकाला आपलाच रंग वर हवा होता. पँटला टाचण्या लावलेल्या असल्यानं बिचाऱ्याला हलताही यायचं नाही.

मला याचा राग यायचा. खरं सांगायचं तर राग नव्हता, भीती होती. विद्यापीठाच्या संग्रहालयात जुने गणवेश आणि पोशाख आहेत, त्यांची देखभाल करायला माणूस हवा होता आणि ताईच तिथं शोभेल असं त्या प्राध्यापकांनी दोनतीनदा बोलून दाखवलं होतं. अट एकच, पदवी. म्हणजे तो एक पेपर सुटला की ताई फाटकाच्या पलीकडे आणि मी अलीकडे, ही लोंबती कडी आणि दोन मशिनी घेऊन. मला धड कापता येत नाही. शिवाय दिवसभर कुणी आरशापासून दारापर्यंत फिरत नाहीये, अशा दुकानात मी कधी बसलेच नाही.

तो राहिलेला पेपर होता विसाव्या शतकातल्या युरोपचा. त्यात एक प्रश्न सक्तीचा असतो. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहांनी युरोपच्या नकाशात काय बदल झाले ते नकाशा काढून दाखवा. ताईला ते तह पाठ होते. कुठला देश कुणाकडून काय घेऊन निघाला, कुणाची किती जमीन गेली, सगळं. तरी ती चौथ्या वर्षी नापास झाली आणि पाचव्या वर्षीही झाली. दुसऱ्या वेळी ती घरी आली ती बसलीच. तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मग मीच म्हटलं, उत्तरपत्रिका बघायला मिळते, अर्ज कर. सोबत एका माणसाला परवानगी होती म्हणून मीही गेले.

परीक्षा विभागाच्या खोलीत पंधरा मिनिटांसाठी आमच्यासमोर तिची उत्तरपत्रिका ठेवली गेली. नकाशाच्या पानावर लालच लाल होतं. प्रत्येक सरहद्दीवर लाल गोल आणि कोपऱ्यात एक शेरा, सीमा दुहेरी, यातली खरी कुठली? मी वाकून पाहिलं आणि मला हसू आलं. ताईनं प्रत्येक देशाला दोन रेघा काढल्या होत्या. बाहेरची सलग, आतली तुटक, मध्ये सारखं अंतर. आमच्या खाकी कागदावर अशीच असते प्रत्येक बाही आणि प्रत्येक पाठ. सलग रेघेवर कापायचं, तुटक रेघेवर शिवायचं आणि मधली दोन बोटं आत दाबली जातात, पुढं कधी कपडा सैल करावा लागला तर उपयोगी पडतात. तिच्या नकाशात प्रत्येक देश शेजाऱ्याच्या अंगावर दोन बोटं चढला होता. समुद्राच्या बाजूला मात्र एकच रेघ.

"इथं का नाही दोन?" मी किनाऱ्यावर बोट ठेवून विचारलं.

"तिकडे कापडाची मूळ किनार आहे," ताई म्हणाली. "ती उसवत नाही." मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

तिच्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं. दोन वर्षं. समोरचा कारकून आमच्याकडे बघत राहिला, कारण आम्ही दोघी त्या खोलीत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. रस्त्यावर आल्यावर ताईचं हसू थांबलं. एकच वर्ष राहिलं होतं.

त्या वर्षी मी तिच्या हाताला वळण लावायचं काम घेतलं. का घेतलं ते मला सांगता येत नाही. ती जाऊ नये असं वाटत होतंच, पण अशा कारणानं ती नापास झालेली मला बघवत नव्हती. रोज दुपारी तीन वाजता, गिऱ्हाईक कमी असताना, मी टेबलावर खाकी कागद पसरायचे आणि ती त्यावर खडूनं युरोप काढायची. मी हातात लाकडी पट्टी घेऊन उभी. तुटक रेघ सुरू झाली की बोटांवर पट्टी. ताई कळवळायची, दारापर्यंत जाऊन यायची, पुन्हा काढायची. पोलंडला समुद्राकडे जायला चिंचोळी वाट दिली होती, तिथं तर तिचा हात हमखास आत वळायचा. एवढ्या चिंचोळ्या पट्टीला दोन्हीकडून दाब नको का, असं ती विचारायची. मी म्हणायचे, नको.

"म्हणून तर ते फाटलं," ती एकदा म्हणाली. "बरोबर रेघेवर कापलंय सगळं, बारके. कुठं काही सोडलंच नाही. वीस वर्षंसुद्धा टिकलं नाही."

"हे पेपरात लिही," मी म्हटलं. "नकाशात काढू नकोस."

सातआठ महिन्यांनी हात वळला. एकच रेघ, सलग, न थांबता. मी पट्टी खुंटीला टांगली. मला वाटलं काम झालं.

पोस्टातल्या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीवर बसल्या, नवरा टपाल वाटायचा. तो वारल्यावर वर्षभरानं त्या त्याचा लांब कोट घेऊन आल्या. जाड, गडद निळ्या लोकरीचा, खांद्यावर पिशवीच्या पट्ट्यानं थोडा झिजलेला. तो त्यांना स्वतःच्या मापाचा करून हवा होता. थंडी पडायला लागली होती. ताई म्हणाली, करते. पेपर गुरुवारी होता. कोट तिनं मंगळवारी दुपारी घेतला, कारण अभ्यास झाला होता आणि तिला हात रिकामे ठेवून राहवत नव्हतं.

मी मशिनीवर होते. ताईनं कोट उसवला, तुकडे पसरले, मापं लावली आणि पाठीच्या आणि पुढच्या तुकड्यांवर खडू फिरवला. सवयीनं मी मान वर करून पाहिलं. एकच रेघ होती. मापाच्या बरोबर वर, सुंदर, सलग, दोन बोटं न सोडता. तिनं कोटावर युरोप काढला होता.

ताई दारापर्यंत गेली. गल्लीत डोकावली. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. मी बोलले नाही. माझ्या डोक्यात काय होतं? बघू दे तिला एकदा, असं काहीतरी. एक वर्ष मी तिच्या बोटांवर पट्टी मारली ती तिला इथून घालवायला, आणि आता हात कुठं गेलाय ते बघू दे. तिनं परत येऊन कात्री उचलली आणि मी मान खाली घालून पायानं मशीन चालवली. लोकर कापताना जो जाड आवाज येतो तो मला मशिनीच्या आवाजातूनही ऐकू आला.

चारही तुकडे कापून झाल्यावर तिनं ते एकावर एक लावले आणि तिला कळलं. तिनं टेपनं एकदा मापलं, मग पुन्हा मापलं, मग टेप गळ्यात अडकवून उभी राहिली. ताई उभी होती आणि कुठंच जात नव्हती. मी तेव्हाही मशीन चालवतच राहिले.

बुधवारी ती दुकानात आली, झाडून घेतलं, पुस्तकं दोरीनं बांधून माळ्यावर टाकली आणि म्हणाली, पेपरला जात नाही. मी कारण विचारलं. ती म्हणाली, ज्या हातानं तीस वर्षांत एक तुकडा वाया घालवला नाही त्या हातानं एका मेलेल्या माणसाचा कोट नासवला. कशासाठी, तर मला पदवी हवी म्हणून. तिचं म्हणणं असं, की अर्धवट सोडणं हाच तिचा स्वभाव होता आणि तो तिनं सांभाळायला हवा होता. निदान त्यात कुणाचं नुकसान होत नव्हतं. दादाला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, भिंगरीच ती. मला तो फोन त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. मला हवं होतं तेच झालं होतं आणि रात्री मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

गुरुवारी सकाळी नऊ वाजता आम्ही दोघी दुकानात होतो. पेपर अकराला. ताई टेबलाशी बसून कोटाचे तुकडे नुसतेच इकडचे तिकडे करत होती. समोरच्या फाटकातून पोरं वह्या चाळत आत चालली होती. मी मशिनीवर बसले, उठले, इस्त्री लावली, बंद केली. आरशापर्यंत गेले आणि दारापर्यंत आले. त्या दिवशी भिंगरी मी होते.

"ताई," मी म्हटलं, "खडूची रेघ मी पाहिली होती. तू कात्री लावायच्या आधी."

तिनं मान वर केली नाही. "किती आधी?"

"तू दारापर्यंत जाऊन आलीस, त्याच्याही आधी."

तुकडे हलवणारा तिचा हात थांबला. मी बाकीचं सांगून टाकलं. सांगितलं, की तू हे सगळं सोडून द्यावंस असं मला वाटत होतं. तू फाटकापलीकडे गेलीस तर मी इथं एकटी काय करू, ते मला कळत नव्हतं. आणि सांगितलं, की हात तुझा चुकला नाही, मी त्याला मारून मारून चुकवला आणि चुकताना बघत बसले. हे सांगताना मला रडू आलं नाही. लाज मात्र इतकी वाटली की मी तिच्याकडे न बघता टेबलाच्या कडीशी बोलत होते.

ताईनं तुकडे एकावर एक रचून ठेवले. मग उठली. माळ्यावरून पुस्तकं काढली नाहीत, फक्त पेनं आणि प्रवेशपत्र घेतलं. माझ्याकडे तिनं जे पाहिलं ते मी विसरणार नाही. त्यात राग होता आणि तो मला चालला असता, पण त्याच्या जोडीला ती जणू माझं माप नव्यानं घेत होती.

"कोट तू नीट कर," ती म्हणाली.

ती दारापर्यंत गेली. तीस वर्षांत पहिल्यांदा ती दारातून परत आली नाही.

पोस्टातल्या बाई बारा वाजता आल्या. मी त्यांना सांगितलं, की कोट कापताना आमच्याकडून चूक झाली, दोन्ही बाजूंनी दोन दोन बोटं कमी पडतायत. नक्की कुणाची चूक ते त्यांनी विचारलं नाही. त्यांनी टाचण्या लावलेला कोट अंगावर चढवला, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि पुढची बाजू ओढून बघितली.

"त्यांनाही तो घट्टच व्हायचा," त्या म्हणाल्या. "मीच म्हणायचे, छान बसतो. मध्ये काहीतरी घाला."

मी म्हटलं, कापून निघालेले तुकडे पुरत नाहीत, हा रंग कुठं मिळणार नाही, जोड दिसेल. त्या म्हणाल्या, दिसू दे. मग फळीवरचे तुकडे त्यांनी स्वतः चाळले आणि राखाडी कापड काढून दिलं. मी काखेपासून खालच्या टोकापर्यंत दोन्हीकडे राखाडी पट्ट्या घातल्या. कापायचं काम माझं नव्हतं आणि जिचं होतं ती समोरच्या इमारतीत बसली होती. प्रत्येक पट्टीला मी दोन्हीकडून दोन बोटं सोडली. तीनदा मापून सोडली.

दोन वाजता ताई आली. मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं, की नकाशा काढला, एकच रेघ काढली. हात आत वळायला बघत होता, तेव्हा तिनं एक गोष्ट आठवली आणि तो सरळ नेला. काय आठवलं ते तिनं सांगितलं नाही. कोटाच्या पट्ट्यांवरून तिनं अंगठा फिरवला, एका ठिकाणी टीप वाकडी गेली होती तिथं थांबली, आणि तो खुंटीला लावून ठेवला.

ताई पास झाली. काठावर, पण झाली. दादानं पेढ्यांऐवजी एक खरीखुरी भिंगरी पाठवली. हिला म्हणावं, आता तरी एका जागी राहा, असा निरोप सोबत होता. ती आमच्या आरशावर टांगलेली आहे. संग्रहालयातली नोकरीही ताईला मिळाली. सकाळी ती तिथं जुन्या सैनिकांच्या कोटांना ऊन दाखवते आणि तीन वाजता दुकानात येते. थंडीत पोस्टातल्या बाई गल्लीतून जातात तेव्हा त्यांच्या दोन्ही कुशींना राखाडी पट्टी दिसते. गेल्या वर्षी एका मुलीनं येऊन आम्हाला तसलाच कोट शिवायला सांगितला होता.

त्या मंगळवारबद्दल ताई पुन्हा एक अक्षर बोललेली नाही. तीन वाजता ती येते, आरशापर्यंत जाते, कापड पसरते, खडू फिरवते. पण आता ती दारापर्यंत जात नाही. कात्री बाजूला ठेवते आणि मला हाक मारते.

"बारके, बघ."

मी मशीन थांबवते, उठते, कडी चुकवून टेबलाशी येते आणि वाकून बघते. सलग रेघ, आत तुटक रेघ, मध्ये दोन बोटं. गेल्या दोन वर्षांत तिचा हात एकदाही चुकलेला नाही, हे तिलाही माहीत आहे आणि मलाही. मी म्हणते, सोडलीत. मग ती कात्री उचलते.